बैसाणे आप्पांचं अडलेलं शील

बैसाणे आप्पांनी आयुष्यात दुसऱ्याची एकच गोष्ट न विचारता घेतली असेल, ती म्हणजे आमची रविवारची झोप. सुरतेतल्या कोसाडच्या आमच्या कॉलनीत रविवारी सकाळी पांढरा लेंगा-सदरा घातलेले आप्पा एकेका दाराची कडी वाजवत जिना चढायचे. "उठा रे, वंदनेची वेळ झाली! जागा झाला त्याला बुद्ध म्हणतात. तुम्हाला काय म्हणू?" आत कुणी कण्हायचं, कुणी तोंडात आलेली शिवी गिळायचं, पण आप्पा हलायचे नाहीत. आतला माणूस तोंड धुऊन बाहेर दिसला की मगच पुढचं दार. आप्पा जाऊन आता बराच काळ झाला. तरी रविवारी मला त्याच वेळेला जाग येते, आणि उठवणारं कुणी नाही म्हणून उगीचच राग येतो.

मूळचे ते शहाद्याकडचे. तरुणपणी रेल्वेत लागले आणि उधना यार्डात रुळांचे सांधे बदलता बदलता रिटायर झाले. जन्मभर इंजिनाच्या वरताण ओरडायची सवय, त्यामुळे त्यांचं कुजबुजणंसुद्धा तिसऱ्या मजल्यावर ऐकू जायचं. "शोभा, कानात सांगतो," म्हणून त्यांनी मला सांगितलेली प्रत्येक गुप्त गोष्ट तिथल्या तिथे आख्ख्या कॉलनीला कळायची. कुणाच्याही घरात पाऊल टाकण्याआधी उंबऱ्याबाहेर थांबून विचारायचे, "लाईन क्लिअर?" माझी सासू आतून म्हणायची, "या ना आप्पा, या." पण नुसतं 'या' चालायचं नाही. "क्लिअर म्हण ताई, क्लिअर!" शेवटी ती बिचारी कपाळाला हात लावून क्लिअर म्हणायची, तेव्हा कुठे चपला बाहेर निघायच्या.

न दिलेलं घ्यायचं नाही, हे त्यांचं एकुलतं एक वेड. भाजीवालीने मेथीच्या जुडीवर आपण होऊन चार मिरच्या टाकल्या तरी आप्पा पिशवीचं तोंड धरून विचारणार, "दिल्या ना? का चुकून पडल्या?" ती कावायची. "आप्यां, काका, आप्यां! हवे जाओ!" दिल्या म्हणजे दिल्या, असं तिने दोनदा खेकसून सांगितलं की आप्पा खूश.

एकदा आम्ही कॉलनीतले सगळे टेम्पोतून बारडोलीला लग्नाला चाललो होतो. पुढे साखर कारखान्याकडे निघालेला उसाचा ट्रक. तो खड्ड्यात आदळला आणि एक लांबलचक ऊस रस्त्यावर पडला. पोरांनी टाळ्या पिटल्या, टेम्पो थांबला, ऊस वर आला, आणि आप्पांनी तो दोन्ही हातांनी धरून ठेवला. ड्रायव्हरला म्हणाले, "त्या ट्रकच्या मागे घे." नवरदेवाचा मामा आमच्याच टेम्पोत होता. तो म्हणाला, "आप्पा, लग्न लागून जाईल!" "लागू दे. तिकडे माणसं आहेत ना पुरेशी." कारखान्याच्या फाटकाशी तो ट्रक थांबला तेव्हा आप्पा ऊस घेऊन त्याच्या खिडकीशी हजर. ट्रकवाल्याने एकदा उसाकडे पाहिलं, एकदा आप्पांकडे. "चाचा, इसके लिए पीछा किया? मैं समझा किसी को ठोक के आया हूँ! खा लो यार!" झालं. आप्पांनी तिथल्या तिथे मांडीवर ऊस मोडला, सगळ्यांना कांडी वाटली आणि सगळ्यात मोठं कांडं स्वतः सोलत बसले. "आता गोड लागतो," म्हणाले. लग्न अर्थातच लागून गेलं होतं. मामा वर्षभर आप्पांशी बोलला नाही.

म्हणून सांगते, आप्पा विरक्त-बिरक्त काही नव्हते. दिलेलं ते दोन्ही हातांनी घ्यायचे आणि वर आणखी मागायचे. माझ्या हातची कळण्याची भाकर आणि ठेचा समोर आला की "दिलं ना?" विचारायच्या आतच पहिला घास तोंडात गेलेला असायचा. फक्त देणाऱ्याने दिलेलं असायला हवं.

रविवारी विहारात पंचशील तेच द्यायचे. ते एकेक ओळ म्हणणार, आम्ही मागून म्हणणार. मग अर्थ सांगायचे. "दुसरं शील लोकांना वाटतं तसं चोरीचं नाही. चोरी फार ढोबळ. अदिन्नादाना म्हणजे न दिलेलं घेणं. चोर कधीमधी घेतो, आपण दिवसभर घेत असतो." हे वाक्य आलं की विहार समितीचे सरचिटणीस निकमभाऊ नेमके छताच्या पंख्याकडे बघायला लागायचे.

विहाराला लागून एक खोली होती, तिथे आमची अभ्यासिका. तिच्यात एक जुना कॉम्प्युटर. मार्केटात ज्या साडीच्या पेढीवर मी बिलं काढते, तिथल्या शेठने नवा घेतला तेव्हा जुना मला दिला होता. आप्पांनी पेढीवर जाऊन शेठला समक्ष विचारलं, "दिला ना?", तेव्हाच तो विहाराची पायरी चढला. कॉलनीतली मुलंमुली त्यावर परीक्षांचे अर्ज भरायची, टायपिंगचा सराव करायची. अभ्यासिका बघायची आप्पांची नात, करुणा. आईवडील लहानपणीच गेले, तेव्हापासून आप्पांनीच वाढवलेली. नर्सिंग शिकलेली, आणि तोंडाने आजोबांच्या वरचढ. तिचं लग्न बुद्धपौर्णिमेला ठरलं. ठरलं त्याच दिवशी तिने सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "लग्नात शील माझे आप्पाच देणार. दुसरं कुणी उभं राहिलं तर मी खाली बसेन." आप्पा त्या दिवशी कॉलनीभर छाती काढून फिरले.

आणि त्याच आठवड्यात कॉम्प्युटरने घात केला.

लग्नपत्रिकेचा मजकूर टाइप करून घ्यायला आप्पा माझ्याशेजारी बसले होते. पडदा एकदम काळा पडला आणि कोपऱ्यात इंग्रजीत दोन ओळी उमटल्या. "काय म्हणतो गं हा?"

"काही नाही आप्पा, सिस्टिम अस्सल नाही म्हणतो. पैसे भरून घेतलेली नाही, कॉपी केलेली आहे."

"म्हणजे? कंपनीने दिली नाही?"

"नाही. दुरुस्तीवाल्याने घालून दिलीय. सगळीकडे तसंच असतं."

आप्पांनी चष्मा काढला. पत्रिकेचा कागद घडी करून खिशात ठेवला. आणि, बाई गं, खरंच हळू आवाजात म्हणाले, "मग इतके रविवार मी काय म्हणत होतो?"

मला हसू येत होतं, ते तिथेच थांबलं. ह्या माणसाला खरोखर लागलं होतं. दुरुस्तीवाल्याकडे त्यांनी मला ओढतच नेलं. त्याने हात जोडले. "काका, आखा सुरतमां आ ज चाले छे." आप्पा म्हणाले, "आख्ख्या सुरतेने दिलं म्हणजे कंपनीने दिलं का?"

पुढच्या रविवारी विहार भरला. आप्पा उभे राहिले, पहिलं शील म्हणाले, आम्ही मागून म्हणालो. दुसऱ्याला तोंड उघडलं आणि थांबले. सगळे हात जोडून वाट बघताहेत. विसरले असं वाटून मागच्या रांगेतून एका आजीने ओळ पुरवली. आप्पा म्हणाले, "विसरलो नाही, बाई. म्हणवत नाही. आपल्या अभ्यासिकेत न दिलेलं ठेवलंय. आणि दुसरं खोटं म्हटलं की चौथंही मोडतं, खोटं न बोलण्याचं. एका डबड्यापायी दोन दोन शीलं!" एवढं बोलून ते खाली उतरले आणि चपलांजवळ जाऊन बसले. उरलेलं निकमभाऊंनी गाडी सुटल्यासारखं उरकलं.

संध्याकाळी करुणा माझ्याकडे आली. तोंड तांबडं झालेलं. "मावशी, आप्पा लग्नात शील देणार नाही म्हणतात. म्हणे, मन्हं तोंड स्वच्छ नही. मी म्हटलं, मग तो कॉम्प्युटर फेकून द्या. तर म्हणतात, पोरांनी अभ्यास कशावर करायचा? माझं शील शुद्ध करायला त्यांच्या नोकऱ्या घालवू का? मावशी, मी काय करू आता? मला लहानपणापासून त्यांच्याच मागून म्हणायची सवय आहे. दुसऱ्याच्या मागून मला नाही म्हणता यायचं." बोलता बोलता रडायलाच लागली पोरगी.

विकत घ्यायची सिस्टिम समिती घेणार नव्हती, आणि घेतली असती तरी ती त्या म्हाताऱ्या डब्यावर चालली नसती. तेव्हा मला आमच्या पेढीवर कॉम्प्युटर बघायला येणाऱ्या माणसाची आठवण झाली. जुन्या मशिनांवर तो एक मोफत सिस्टिम टाकायचा, लिनक्स म्हणून. मी त्याच्याकडून ती पेनड्राइव्हवर आणली आणि आप्पांसमोर ठेवली. मला वाटलं, सुटलो. कसचं काय!

"फुकट?" आप्पांनी पेनड्राइव्हला हातही लावला नाही. "फुकट तर रस्त्यावर पडलेला ऊसही असतो. दिलीय कोणी?"

"बनवणाऱ्यांनीच दिलीय आप्पा. लिहून दिलंय."

"वाच."

मी इंग्रजीतून मराठी करत वाचून दाखवलं: कोणीही, कोणत्याही कामाला वापरावी. आत काय आहे ते उघडून बघावं. हवी तशी बदलावी. दुसऱ्याला द्यावी. आप्पा मान पुढे काढून ऐकत होते. "परत वाच. ते द्यावीचं." मी परत वाचलं. "वाटली तर रागावणार नाहीत?" "वाटा म्हणूनच लिहिलंय." "बदलली तरी?" "बदला, आणि बदललेलीही वाटा." आप्पांचा चेहरा उजळत चालला. "मोठ्या मनाचा दिसतो गं. नाव काय त्याचं?"

"एक नाही हो, हजारो माणसं आहेत. जगभरातली. एकमेकांना ओळखतही नाहीत."

"मग वंदन कुठल्या दिशेला करायचं?" मी म्हटलं, करा चारी दिशांना. मी चेष्टेने म्हटलं, पण आप्पा उठले आणि खरंच अभ्यासिकेत चारी भिंतींकडे तोंड करून हात जोडून आले. चौथ्या भिंतीशी निकमभाऊ उभे होते, त्यांना फुकटचं वंदन मिळालं.

दुपारी सिस्टिम टाकायला बसलो. मी, करुणा, आप्पा आणि देखरेखीला निकमभाऊ. आधी भाषा विचारली तर यादीत मराठी! आप्पांनी मला बाजूला सारून स्वतः बोटाने बटण दाबलं. मग मशिनने विचारलं, जुनं सगळं पुसू का? मी पोरांच्या कामाचे कागद आधीच काढून ठेवले होते. निकमभाऊ मात्र ओरडले, "थांब, थांब! जयंतीची गाणी आहेत त्यात! मिरवणुकीची सगळी!"

आप्पा म्हणाले, "कोणी दिली?"

"दिली म्हणजे... मोबाइलच्या दुकानातून भरून आणली."

"गाणाऱ्याने दिली?"

निकमभाऊंनी पंख्याकडे पाहिलं. पण हा पंखा अभ्यासिकेतला, बंदच होता, त्याच्याकडे किती वेळ बघणार? "जाऊ द्या मग," आप्पा म्हणाले, आणि माझ्याकडे वळून, "आपल्या मंडळाच्या पोरांनी ढोलकीवर म्हटलेली असतील तेवढी ठेव. ती आपलीच." मी ठेवली. बाकी सगळं पुसलं गेलं. निकमभाऊंचा चेहरा बघवत नव्हता, घरातलं माणूस गेल्यासारखे ते भिंतीला टेकून बसले. आप्पांनी त्यांना स्वतःच्या हाताने चहा दिला. "घे रे, दिलाय."

आणि खरं सांगते, मशीन तरणंताठं झालं. आधी ते सुरू होईपर्यंत चहा उकळून निवायचा, आता बटण दाबलं की हजर. पण करुणा टायपिंगला बसली तर गुजरातीची बटणं इकडची तिकडे झालेली. परीक्षेला तर जुनीच मांडणी लागायची. ती म्हणाली, "आप्पा, तुमचं शील धुतलं, पण पोरांची बोटं मोडली." आप्पा लगेच माझ्याकडे. "बदलता येतं ना? लिहून दिलंय ना त्यांनी, बदला म्हणून? मग बदल." त्या बदला-बदलीत माझं डोकं उठलं, पण शेवटी मांडणी जुळली. आप्पा प्रत्येक अक्षर उमटलं की "शाब्बास" म्हणत होते. मला की मशीनला, कोण जाणे.

आता तरी सुटलो, असं म्हणणार तोच करुणाने नेट जोडलं. पडद्यावर कसलंसं नाव आलं. आप्पांनी विचारलं, "हे कुणाचं?"

मी करुणाकडे पाहिलं, करुणाने माझ्याकडे. मागच्या गल्लीत मनसुखभाईंचं एम्ब्रॉयडरीचा कारखाना होता. त्यांच्या वायफायचा पासवर्ड कधी कुणी फोडला देव जाणे, पण आख्खी कॉलनी त्याच्यावर जगत होती. आप्पांनी चपला घातल्या. करुणा दारात आडवी झाली. "आप्पा, पाया पडते, लग्न होऊन जाऊ द्या!" "लग्नासाठीच चाललोय," आप्पा म्हणाले आणि तिच्या काखेखालून निघाले.

मनसुखभाईंना तर पत्ताच नव्हता. वापरते सगळी कॉलनी आणि विचारायला आले हे एकटेच, म्हणून ते पोट धरून हसले. "आखी कॉलनी वापरे छे, ने पूछवा तमे एकला आव्या!" मग म्हणाले, "लो काका, अभ्यास माटे आप्युं." अभ्यासिकेला नेट मिळालं, ते रीतसर, दिलेलं. पण मनसुखभाई काही खुळे नव्हते. त्यांनी त्याच संध्याकाळी पासवर्ड बदलला आणि नवा फक्त अभ्यासिकेला दिला.

त्या दिवशी कॉलनीत जो हलकल्लोळ झाला म्हणता! ऐन मॅच चालू असताना घराघरातले मोबाइल गपगार. बायकांच्या मालिका अडकल्या. माझ्या सासूने पहिल्यांदाच आप्पांना दारातून "लाईन बंद आहे!" म्हणून परत पाठवलं. आप्पा मात्र निवांत. गळ्यात दोरीला ती पेनड्राइव्ह अडकवून फिरायला लागले. "दान मिळालं की पुढे द्यायचं." कतारगामला डोळे दाखवायला गेले तर तिथे कंपाउंडरलाच विचारलं, "हा तुमचा कॉम्प्युटर अस्सल का? नसेल तर माझ्याकडे दान आहे." डोळे न तपासताच बाहेर काढलं त्यांना. वर मलाच सांगतात, "घाबरला बिचारा. सवय नाही ना, कुणी देतोय म्हटल्यावर."

अशी पौर्णिमा उजाडली. विहारासमोर मंडप, पांढऱ्या साडीत करुणा, शेजारी पांढऱ्या कपड्यांत नवरदेव, मुलगा मोठा सालस. कॉलनी आप्पांवर दात खाऊन होती, पण आली होती झाडून सगळी. आप्पा आता म्हणणार का, हे बघायचं होतं ना! आप्पा माइकपुढे उभे राहिले. वास्तविक त्यांना माइकची काय गरज? त्रिशरण झालं. पहिलं शील झालं, मंडप दणाणला. दुसऱ्याला त्यांनी करुणाकडे पाहिलं, श्वास घेतला आणि थांबले.

मग निकमभाऊंचा धीर सुटला. ते खुर्चीवरून उठून ओरडले, "आप्पा, मंडपाची पावती आहे! लाइट मीटरवरून घेतलीय, आकडा टाकलेला नाही! माइक मालकाला विचारून आणलाय!" मागून आचारी ओरडला, "लाकडं विकतची हायेत!" कुणीतरी म्हणालं, "फुलंसुद्धा!" नवऱ्याकडची माणसं घाबरून एकमेकांकडे बघायला लागली. त्यांना वाटलं असेल, कसल्या घरात सोयरीक केली ही!

आप्पांनी हाताने सगळ्यांना बसवलं. त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. करुणाला म्हणाले, हळूच, पण ते आप्पांचं हळू आणि वर माइक, "बेटा, सगळं स्वच्छ शे. पन मी तुले आजून दिधीच नही."

आख्ख्या मंडपाने ऐकलं, अजून मी तुला दिलेलीच नाही म्हणून. माझ्या सासूने पदर तोंडाला लावला. मला काही दिसेना. इतके दिवस आम्ही ह्या माणसाला हसत होतो, आणि मला एकदम कळलं की न दिलेलं घ्यायला तो जितका घाबरायचा, तितकंच हे एक देणं त्याला जड जात होतं.

करुणा रडतच होती, पण बैसाण्यांची पोर ती. तिने नाक पुसलं आणि त्याच माइकमध्ये म्हणाली, "आप्पा, मला कोण देतंय? मी काय पेनड्राइव्ह आहे? मी माझ्या मनाने चाललेय, आणि रविवारी वंदनेला येणार आहे. आज तुम्ही माझ्या मागून म्हणा." तिने हात जोडले आणि दुसरं शील स्वतः म्हणाली, सावकाश, एकेक शब्द सोडवून, लहानपणी आप्पांनी तिला शिकवलं होतं तसं.

आप्पांनी मान खाली घातली आणि नातीच्या मागून ते म्हटलं. मग आम्ही सगळे म्हणालो.